सरावाचे पैसे

दातांच्या डॉक्टरांनी पेशंटला "आ करा" म्हटलं आणि खिशातून मोबाइल काढला. पेशंट आ करून बसले, डॉक्टर शेअरचे भाव बघत बसले. पाच मिनिटांनी पेशंटने घशातून काहीतरी आवाज काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "झालंच हं, हे एवढं विकतो आणि बघतो."

पैज लागून आठवडा झाला होता. समोरचा गडी परका नव्हता, डॉक्टरांचा साडूच होता, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. वयाने दहा वर्षांनी लहान आणि मनाने इतका सरळ, की डॉक्टरांनी सांगितलेलं तो वर्तमानपत्राआधी खरं मानायचा. दोघांनी वीस-वीस हजार घालायचे, सकाळी घेतलेले शेअर बाजार बंद व्हायच्या आत विकायचे, आणि महिन्याच्या शेवटी ज्याचे कमी उरतील त्याने दोन्ही कुटुंबांना हॉटेलात जेवू घालायचं, असं ठरलं होतं. दोघी बहिणींना त्यात जेवणाखेरीज काही दिसलं नाही.

गोम एवढीच होती, की डॉक्टरांनी वीस हजार घातलेच नव्हते. मोबाइलवर नवशिक्यांसाठी एक सरावाचं खातं होतं. त्यात भाव खरे, पैसे खोटे. दोन दिवस हात बसू दे, मग खरे घालू, म्हणून डॉक्टर तिथे शिरले आणि पहिल्याच दिवशी तीन हजार मिळाले. संध्याकाळी साडूचा फोन आला तेव्हा आकडा तोंडातून निघून गेला. सरावाचं तेवढं सांगायचं राहिलं.

"तीन हजार? एका दिवसात? साडूभाऊ, तुम्ही म्हणजे कमालच!"

आता खुलासा करणं डॉक्टरांच्या जिवावर आलं. घरात त्यांचं इतक्या कौतुकाने कोणी ऐकत नसे. पेशंट ऐकत, पण त्यांना उठून जाता येत नसे म्हणून.

पैसे खोटे असले की माणूस वाघ होतो. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, मग वाढायला हात आखडता कशाला घ्यायचा? बाजारात हातातल्या पैशाच्या पाचपट खरेदी करायची सोय असते. नफा पाचपट, तोटाही पाचपट. डॉक्टर रोज पाचपट घ्यायचे आणि रोज संध्याकाळी साडूला आकडे सांगायचे.

"मी आपला वीसचे वीसच घेतो," साडू म्हणायचा. "दिवसाला दीड-दोनशे मिळतात."

"घाबरतोस काय असा! पाचपट घे की. बाजारात भित्र्याचं काम नाही."

हे वाक्य डॉक्टरांना पुढे फार छळणार होतं.

तिसऱ्या आठवड्यात मेहुणीचा फोन आला. आवाज खाली आणून ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही आहात म्हणून काळजी नाही, पण एक विचारू? सासूबाईंच्या कानाच्या यंत्राला ठेवलेले पैसे यांनी तुमच्या त्या पैजेत घातलेत. यंत्र महिन्याच्या शेवटी येणार आहे, तोवर पडूनच आहेत म्हणाले. बुडणार नाहीत ना?"

साडूची आई गेली चार वर्षं जवळजवळ ठार बहिरी होती. घरात प्रत्येक गोष्ट तीनदा ओरडून सांगावी लागे. त्या घरात भांडणसुद्धा गुपचूप होत नसे. त्या यंत्रासाठी साडूने दीड वर्ष रविवारीसुद्धा लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या.

त्याच वेळी खरं सांगून टाकलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण डॉक्टरांना त्याहून सोपी युक्ती सुचली. हुशार माणसांना अशा वेळी युक्त्याच सुचतात, तेच त्यांचं दुर्दैव. आपण आपटलो असं सांगितलं की साडू घाबरून आपोआप बाजूला होईल, आणि आपली लाजही राहील.

"साडू," त्यांनी पडलेल्या आवाजात फोन केला, "माझे चौदा हजार गेले."

"चौदा? ताईंना सांगितलंत?"

"नाही. तूही कुणाला सांगू नकोस. आपण ही पैज इथेच थांबवू. तुझे पैसे उद्याच्या उद्या काढून घे."

"तुम्ही जेवून घ्या आधी," साडू म्हणाला. "मी बघतो काय ते."

त्या दिवशी डॉक्टरांना शांत झोप लागली. आता आठवलं की त्यांना त्या झोपेचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

कारण साडूने दुसऱ्या दिवशी पैसे काढले नाहीत. त्याने वीसच्या वीस हजारांवर, आयुष्यात पहिल्यांदा, पाचपट खरेदी केली. बॅटऱ्या बनवणाऱ्या एका कंपनीचा भाव तीन दिवस पडत होता, तेच शेअर त्याने घेतले. लिफ्टवाल्याचा हिशोब सरळ होता. लिफ्ट तळमजल्याला आली की पुढे वरच जाणार. काही इमारतींना तळघरही असतं, हे त्या सकाळी त्याच्या लक्षात आलं नाही. भाव जरा घसरला तेव्हा तो विकायला निघालाच होता, तेवढ्यात एका इमारतीची लिफ्ट अडकल्याचा फोन आला. आत एक गरोदर बाई आणि तिचा नवरा होता. साडू धावत गेला आणि लिफ्टच्या बोगद्यात उतरला. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. त्याने दोघांना सुखरूप बाहेर काढलं, हात पुसले आणि मोबाइल बघितला. बाजार बंद झाला होता, आणि बंद होता होता त्याचे शेअर आपोआप विकले गेले होते. वीस हजारांतले अकराशे उरले होते.

संध्याकाळी मेहुणीने रडत रडत फोन केला. डॉक्टर उरलेले दोन पेशंट परत पाठवून, बँकेतून काढलेले खरे वीस हजार पाकिटात घालून साडूच्या घरी गेले. साडू व्हरांड्यात स्टुलावर बसला होता. आई आत खिडकीशी वाटाणे सोलत होती.

"अरे, मी तुला काढून घे म्हटलं होतं ना? मग पाचपट कशाला घेतलेस?"

"तुमचे चौदा भरून काढायला," साडू खाली बघत म्हणाला. "म्हटलं, एक मोठा डाव लागला तर गुपचूप तुम्हाला आणून देऊ. ताईंना कळायलाही नको. तुम्हीच म्हणायचात ना, भित्र्याचं काम नाही म्हणून."

डॉक्टरांनी आयुष्यात हजारो दात उपटले होते. पण हे एक वाक्य त्यांच्या तोंडून निघता निघेना. शेवटी ते साडूच्या अगदी जवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "माझे काही गेलेच नाहीत रे. मी खरे पैसे घातलेच नव्हते. सरावाचं खातं होतं ते. तोही नफा खोटा आणि हाही तोटा खोटा. चुकलं माझं. हे घे, तुझे पैसे घे."

शिव्या ऐकायची त्यांची तयारी होती. खरं म्हणजे त्यांना त्या हव्याच होत्या. साडूने पाकिटाकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे तुमचे चौदा हजार आहेत? गेले नाहीत? अहो, मग आधी नाही का सांगायचं! आईला तेवढं सांगितलं होतं मी, ती कालपासून तुमच्यासाठी जेवली नाही." आणि तो उठून खिडकीशी गेला. "आई! डॉक्टरांचं काही गेलं नाही!"

"काय?"

"डॉक्टरांचं! काही! गेलं नाही! त्यांचे पैसे खोटे होते!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. वरच्या मजल्यावरून दोन डोकी खाली वाकली. त्यातलं एक डॉक्टरांचं जुनं पेशंट होतं.

"अरे, नीट सांग!"

"त्यांचे खोटे होते, आई! फक्त आपलेच खरे होते! आपलेच गेले!"

आता मात्र आईला कळलं. तिने वाटाण्यांचं ताट बाजूला ठेवलं, दोन्ही हात जोडले आणि डॉक्टरांकडे बघून, बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "बरं झालं हो, तुम्ही वाचलात! माझं काय, मला आता ऐकून तरी काय करायचंय?"

डॉक्टर हातात पाकीट धरून तसेच उभे राहिले. त्यांना मात्र सगळं अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं.