आशालताबाईंच्या दुखण्याची फत्ते

सर्व सज्जनांनी चित्त देऊन ऐकावे. वसई प्रांती माणिकपूर कसबा, तेथील दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या व स्वयंपाकघर एवढ्या मुलखाचे धनी प्रल्हादराव, मुंबईच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आणि त्यांचे कुटुंब आशालताबाई, शाळेत भूगोल शिकविणाऱ्या, यांजवर शके १९२८, व्ययनाम संवत्सरी जो प्रसंग गुजरला तो पदरचे काही न घालता लिहितो. घातलेच तर शोभेपुरते.

ऐसियास प्रथम गनिमाची हकीकत. बाईसाहेबांच्या शरीराची स्वतःचीच फौज फितूर जाहली आणि आपल्याच मुलखात जाळपोळ करू लागली. यास डॉक्टर लोक स्टिल्सचा आजार म्हणतात आणि लाखांत एखाद्यासच तो गाठतो. हा गनीम दिवेलागणीस ताप घेऊन येई, अंगावर गुलाबी पुरळाचे निशाण उभारी, गुडघे व मनगटे यांस वेढा घाली, आणि सकाळी डॉक्टरांकडे जावे तो ताप व पुरळ दोन्ही पसार. तीन वर्षे हेच चालले. स्टेरॉइडने गनीम थोडा दबला, परंतु बाईसाहेबांचा चेहरा सुजला व हाडे ठिसूळ होऊ लागली. बाकी औषधे हरली. शेजारपाजारच्यांनी काढे पाठविले, तेही हरले. आता एखाद्या नव्या औषधाच्या परीक्षेत, म्हणजे क्लिनिकल ट्रायलमध्ये, नाव दाखल व्हावे, एवढीच एक वाट राहिली.

मग प्रल्हादरावांनी कंबर कसली आणि स्टेशनाजवळील सायबर कॅफेत ठाणे दिले. तेथे इंटरनेट मुंगीच्या पावलाने चाले, आणि चालू लागले की भारनियमन येई, आणि पंखा, दिवा, संगणक एकसमयी गतप्राण होत. तरी राव हटले नाहीत. ट्रायली सापडल्या त्या अमेरिकेत, जपानात, हॉलंडात. पैकी एकाही मुलखास माणिकपुराहून रिक्षा जात नाही. एके ठिकाणी सर्व अटी जुळल्या, राव हर्षभरित जाहले, आणि मग शेवटची ओळ वाचता समजले की त्यांस उंदीर हवे आहेत. अखेर मुंबईत परळ भागी एक इस्पितळ निघाले. तेथे याच आजारावर नवे इंजेक्शन, आणि जागा एकच शिल्लक. रावांनी कॅफेत ऐसी आरोळी ठोकली की शेजारचा मनुष्य चॅटिंग सोडून उठला.

येथे रावांच्या हातून मोठी चूक घडली. सारी हयात नोकरीत गेलेला मनुष्य. निवड म्हटली की मुलाखत, आणि मुलाखत म्हटली की इस्त्री, एवढेच त्यांस ठाऊक. जागा एक, उमेदवार अनेक, तेव्हा आपला उमेदवार तरतरीत दिसला पाहिजे, ऐसे त्यांनी ठरविले. मग हुकूम सुटले की जरीकाठी नेसावी, दुखण्याची गोळी आदल्या रात्री एक व पहाटे एक घ्यावी, ताठ बसावे, आणि हसतमुख असावे. मित्र फर्डिनंड, केळीचा बागायतदार, आपली मारुती व्हॅन घेऊन हजर जाहला आणि स्वारी परळास रवाना जाहली.

डॉक्टरीणबाईंनी विचारले, दुखते कोठे? आशालताबाई कोकणातल्या, परक्यापुढे दुःख सांगणे त्यांच्या माहेरच्या रीतीत बसत नाही. वरून रावांचा हुकूम. त्या हसून म्हणाल्या, "तसं बरं आहे हो. वयाप्रमाणे चालायचंच."

डॉक्टरीणबाईंनी मनगटे पाहिली, तीही गोळ्यांच्या जोरावर शहाणी होऊन बसलेली. मग त्यांनी फर्मावले की परीक्षा दुखणाऱ्यांचीच होते. दुखतच नसेल तर औषधाने उतरले हे कसे समजावे? सबब नाव बाद.

प्रल्हादरावांचे तोंड एवढेसे जाहले. व्हॅनपाशी फर्डिनंडने मजकूर ऐकिला आणि कपाळाला हात लावला. "अरे बाबा, आजारी बाईला सजवून कशाला आणलीस? पोरगी दाखवायची होती काय?"

राव तसेच माघारी वळले, जिने चढले, आणि साऱ्या इस्पितळासमक्ष आपला अपराध कबूल केला. डॉक्टरीणबाई बहुत हसल्या आणि हुकूम दिला की पुढल्या आठवड्यात दुखण्याची गोळी न घेता यावे, आणि खरे बोलावे.

तो आठवडा गोळीवाचून कठीण गेला. दुसऱ्या खेपेस आशालताबाई गाऊनवर, विस्कटल्या केसांनी, फर्डिनंडच्या खांद्याला धरून आल्या. डॉक्टरीणबाईंनी तोच सवाल केला. बाईसाहेबांनी एकवार रावांकडे पाहिले आणि मग बांध फुटला.

"नळ फिरवता येत नाही मला. पक्कडीने फिरवते, हे कचेरीत गेले की. वेणी घालायला हात वर जात नाही. फळ्यावर नकाशा काढताना खडू गळून पडतो, मग मुलांना म्हणते, तुम्हीच काढा. रात्री कूस वळायची तर आधी दात आवळून घेते, ह्यांची झोप मोडू नये म्हणून."

प्रल्हादराव हे प्रथमच ऐकत होते. शेजारी निजणाऱ्यास ठाऊक नसावे, याचे त्यांस फार वाईट वाटले, आणि भर दरबारी त्यांचे डोळे भरून आले.

मग तपासणी जाहली, रक्ताचा नमुना गेला, काही दिवसांनी कौल आला आणि नाव दाखल जाहले. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजाविले की पहिले काही महिने इंजेक्शनात औषध आहे की नुसते मीठपाणी, हे कोणासच कळणार नाही. मंजूर आहे काय? बाईसाहेब म्हणाल्या, "ह्यांनी पाजलेल्या काढ्यांत काय होतं ते तरी कुठे कळलं? टोचा."

घरी येताच बाईसाहेबांनी कोचावर बैठक मारून फर्मान काढिले, "हात दुखताहेत. आज स्वयंपाक तुम्ही करा." राव धावतच ओट्यापाशी गेले. वरण करपले. तेही बाईसाहेबांनी न हसता, तोंडावर सांगितले, आणि रावांस परम संतोष जाहला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, सबब नोंद केली असे.