बॅकच्या वडिलांचा दुखवटा

सोलापुरात माणूस गेला की त्याच्या घरी समाचाराला जाण्याचे नियम ठरलेले आहेत आणि ते लहानथोरांना पाठ आहेत. घरातल्यांनी 'या' म्हणायचे नाही. आलेल्याने थोडा वेळ खाली बघत बसावे, 'वाईट झालं' म्हणावे, गेलेल्याचा एखादा गुण सांगावा आणि निरोप न घेता उठावे. कारण दुःखाच्या घरातून 'येतो' म्हणून निघणे म्हणजे असल्याच कामाला पुन्हा येण्याची इच्छा दाखवणे. नियम चांगले आहेत. गेलेल्याचा मुलगा फुटबॉलच्या ढालीसाठीच्या शेवटच्या सामन्यात बॅक असेल आणि गोल त्याच्याच बाजूने झाला असेल तर काय करायचे, एवढेच त्यांत कुणी सांगून ठेवलेले नाही.

आप्पा शनिवारी संध्याकाळी गेले. त्याच संध्याकाळी पार्कच्या मैदानावर गिरणीचा संघ रेल्वेच्या संघाकडून एका गोलाने हरला. या दोहोंपैकी दुसरी बातमी गावात आधी पोचली.

आप्पा गिरणीचा भोंगा देत. पहाटेचा, पाळी बदलण्याचा आणि संध्याकाळी दिवसपाळी सुटण्याचा. अर्धे सोलापूर त्यांच्या हाताने उठत होते, जेवत होते आणि घरी परतत होते. बार्शीला दिलेली त्यांची थोरली मुलगी हेमावती, आप्पांच्या छातीत दुखते असे कळल्यावर महिन्यापूर्वी माहेरी आली होती. घरी बसा म्हणून तिने पुष्कळ सांगितले. "मग भोंगा कोण देणार?" असे विचारून ते रोज जात राहिले. शनिवारी त्यांना चौघांनी खाटेवर घालून आणले. "भोंगा झाला का?" एवढेच त्यांनी विचारले. हेमावतीने 'झाला' म्हणून सांगितले. तिला माहीत नव्हते.

रविवारी सकाळी, मातीला गेलेली माणसे परतल्यावर, पहिले आले ते कोंडीबा. सूतखात्यातले, मूळचे मोहोळकडचे, संघाचा एकही सामना न चुकवणारे. ओसरीवरच्या घोंगडीवर बसून त्यांनी मुंडासे काढून मांडीवर ठेवले आणि बराच वेळ ते खाली बघत राहिले. हेमावती दाराला टेकून उभी होती.

"लई वाईट झालं," कोंडीबा म्हणाले.

तिने मान हलवली.

"शेवटची पाच मिन्टं. येवढी काडली असती तर निभावलं असतं."

"डॉक्टरही तेच म्हणाले," हेमावती म्हणाली.

कोंडीबांनी वर पाहिले. "डागदर बी आलता व्हय मॅचला?"

त्यानंतर आले तिप्पण्णा जॉबर. साच्यावर, म्हणजे मागावर, कुणाला ठेवायचे आणि कुणाला काढायचे हे त्यांच्या हातात होते. संघही त्यांच्याच हातात होता. हेमावतीचा धाकटा भाऊ रेवणसिद्ध याला त्यांनीच गिरणीत घेतले होते, आणि घेतले होते ते बॅक म्हणून. हजेरीपटावर तो साचेवाला होता. बॅकची जागा राहील तोवर साचा राहणार होता, आणि आप्पा गेल्यावर घराची चूल त्या एका साच्यावर आली होती. हे तिप्पण्णांना ठाऊक होते. हेमावतीलाही ठाऊक होते, म्हणून ती दारातून हलली नाही.

सर्वांत शेवटी बगलेत वही आणि हातात दौत-टाक घेऊन आले भीमाशंकरपंत. कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी फुटबॉल हितचिंतक मंडळ काढले होते आणि त्याचे चिटणीसपद स्वतःकडे घेतले होते. त्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नव्हता. त्यामुळे त्यांचे मत निःपक्षपाती मानले जाई.

"मंडळाची तातडीची सभा भरवणं क्रमप्राप्त आहे," ते बसत म्हणाले. "सभासद जमलेले आहेत. संबंधित इसमही हजर आहे."

संबंधित इसम कोपऱ्यात भिंतीशी बसला होता. कपाळावरची विभूती घामाने ओघळली होती. वय एकोणीस.

"पोरगा चांगला हाय," कोंडीबांनी सुरुवात केली. "खांब हाय खांब! गेल्या दसऱ्याला पोलिसांचा चेंडू गोलच्या रेघेवरनं कुनी काडला? यानंच की!"

"काढला, खरं. दिला कुणाला?" तिप्पण्णा म्हणाले. "त्यांच्याच फॉरवर्डला दिला, अन् त्यानं परत मारला. एकदा काढायचा तो दोनदा काढायला लागला बघा."

"पन दुसऱ्यांदा बी त्यानंच काडला न्हवं?"

"तेच सांगतो मी. पहिलाच नीट काढला असता तर दुसरा कशाला काढायला लागला असता?"

"तुमचं काय जॉबर! सून सैपाक चांगला करती, तर म्हनायचं भांडी लई लागत्यात."

"गुण आणि दोष वेगवेगळ्या रकान्यांत घ्या," भीमाशंकरपंत म्हणाले. "एकाच कृतीची दोन्हीकडे नोंद झाली तर पुढं घोटाळा होतो."

घरात चूल पेटलेली नव्हती. शेजारच्या दाक्षायणीकाकूंनी घरच्यांपुरती भाकरी आणि पिठले पाठवले होते. तेव्हा चहा नाक्यावरच्या हॉटेलातून आला. घोंगडी अपुरी पडू लागली तेव्हा काकूंच्याच घरून सतरंजी आली. 'येतो' म्हणायचे नाही हा नियम मात्र मंडळींनी कसोशीने पाळला. ते म्हणता येत नसल्यामुळे कुणी उठलेच नाही.

सोमवारी पहाटे भोंगा दुसऱ्या कुणीतरी दिला. गाव नेहमीसारखे उठले.

मंगळवारपर्यंत रेवणसिद्धाच्या डाव्या पायाची चौकशी पूर्ण झाली. पाय कच्चा आहे असे एक मत पडले. पाय पक्का असून त्याच्यावर विश्वास कच्चा आहे असे दुसरे. बुधवारी विषय आहाराकडे वळला. ज्यांच्या घरून भाकरी आली होती त्या काकूंना पीठ कुठले म्हणून विचारण्यात आले. गुरुवारी कोंडीबांना एक प्रश्न सुचला. तो इतका साधा होता की आधी कुणाला सुचला नव्हता.

"आरं पन रेवण, चेंडू तुज्या फुड्यातनं गेला. तू बगत कुटं हुतास?"

रेवणसिद्धाने मान वर केली. पाच दिवसांत त्याला कुणी थेट असे पहिल्यांदाच विचारले होते.

"गिरणीकडं," तो म्हणाला. "भोंगा झाला नव्हता."

"म्हंजे?"

"दिवसपाळीचा भोंगा व्हायची वेळ होऊन गेली, अन् झाला नाही. आप्पांचा भोंगा कधी चुकला नव्हता. मी तिकडं बघितलं."

दारात हेमावतीने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले. मैदानावर त्या वेळी हजारभर माणसे होती, त्यांतली निम्मी गिरणीची. भोंगा झाला नाही हे त्यांतल्या एकालाही जाणवले नव्हते.

भीमाशंकरपंतांनी टाक दौतीत बुडवला. "म्हणजे दोष पायात नाही. कानात आहे."

"बघा!" तिप्पण्णा म्हणाले. "अन् आपण चार दिवस पाय धरून बसलो!"

"खेळाडूने मैदानाबाहेरील आवाज ऐकणे हे एक वेळ समजू शकते. परंतु न झालेला आवाज ऐकणे, ही बाब गंभीर आहे. बंदोबस्त आवश्यक."

"त्यात काय," कोंडीबा म्हणाले. "कापूस घाला की कानात. गिरनीत कापसाला काय तोटा हाय?"

ठराव एकमताने मंजूर झाला. कापूस कोंडीबांनी स्वतः निवडून आणला. लांब धाग्याचा, उत्तम प्रतीचा.

शनिवारी रेल्वेशी पुन्हा सामना झाला, मैत्रीचा. रेवणसिद्ध दोन्ही कानांत बोळे घालून उतरला आणि असा खेळला की रेल्वेचा एकही फॉरवर्ड त्याच्या बाजूने आत शिरू शकला नाही. मंडळाची योजना यशस्वी झाल्याचे भीमाशंकरपंतांनी मध्यंतरातच लिहून टाकले. शेवटी शेवटी एक उंच चेंडू गोलावर आला. "सोड! माझा!" म्हणून गोलकीपर ओरडला. ते पार स्टेशनापर्यंत ऐकू गेले असेल. रेवणसिद्धाला गेले नाही. त्याने उडी मारून डोके लावले आणि चेंडू आपल्याच जाळ्यात गेला.

लोक उठून उभे राहिले आणि ज्याला जे सुचले ते ओरडले. रेवणसिद्ध शांतपणे आपल्या जागेवर चालत गेला. त्याने कुणाकडे पाहिले नाही, मानही खाली घातली नाही. लोकांनी असा निष्कर्ष काढला की पोरगा निगरगट्ट आहे.

रविवारी सकाळी मंडळ सतरंजीवर जमले. या वेळी चर्चा फार झाली नाही.

"एकदा ऐकून गोल खाल्ला, एकदा न ऐकून," तिप्पण्णा म्हणाले. "आता काय राहिलं? काढतो मी. गुंड्याला आणतो अक्कलकोटचा. साचाही त्यालाच देतो, साचा रिकामा ठेवता येत नाही."

"कापसाचा दोष न्हाय," कोंडीबा म्हणाले. "कापूस चांगला हुता."

"तशी नोंद घेतली आहे," भीमाशंकरपंत म्हणाले.

तेव्हा हेमावती आठ दिवसांत पहिल्यांदा दारातून एक पाऊल पुढे आली.

"त्याचे वडील गेलेत," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. मग एकमेकांकडे पाहिले. तिप्पण्णांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"अयो! हा मुद्दा राहिलाच की!"

भीमाशंकरपंतांनी मागची पाने चाळली. "आठवडाभराच्या कामकाजात असा उल्लेख कुठंही आलेला नाही. अक्का, हे आधी का मांडलं नाही? कुटुंबात निधन झालं असेल तर खेळाडूला दुखवट्याची सवलत देता येते. मीच घातलेलं कलम आहे ते." त्यांचा चेहरा उजळला. कलम इतक्या वर्षांत एकदाही वापरायला मिळाले नव्हते. "मात्र ती निधनोत्तर चुकांनाच लागू होते. दुसरा गोल निर्विवाद निधनोत्तर आहे. पहिल्याचं काय?"

"म्हंजे कसं?" कोंडीबांनी विचारले.

"म्हणजे निधन आधी की गोल आधी? गोल आधी असेल तर तो दुःखाच्या पूर्वीचा धरावा लागेल."

यावर तासभर चर्चा झाली. प्राण खाटेवर घालतानाच गेला होता, तेव्हा गोल नंतरचा, असे कोंडीबांचे म्हणणे. खाट वेशीपाशी आली तेव्हा आप्पा कण्हत होते आणि मैदानावरचा ओरडा आपण स्वतः त्याच वेळी ऐकला, सबब गोल आधीचा, असे तिप्पण्णांचे. म्हणजे खाट त्यांनी पाहिली होती, असे हेमावतीच्या ध्यानात आले. अखेरीस भीमाशंकरपंत तिच्याकडे वळले आणि आवाज शक्य तितका मऊ करून त्यांनी विचारले, "अक्का, तुम्ही जवळ होतात. आप्पा गेले ते गोलाच्या आधी की नंतर?"

"मी गोल पाहिला नाही," ती म्हणाली.

"पुराव्याअभावी," भीमाशंकरपंतांनी लिहिले, "दोन्ही घटना एकाच वेळी घडल्याचे धरण्यात येत आहे. सवलत मंजूर. बॅकला जागेवर ठेवावे."

तिप्पण्णांनी मान डोलावली. साचा राहिला. रेवणसिद्धाने भिंतीला डोके टेकून डोळे मिटले. त्याच्या उजव्या कानात कापसाचा एक धागा अजून अडकलेला होता.

"आता दुखवट्याचा ठराव. त्याशिवाय सवलतीला आधार राहत नाही." भीमाशंकरपंत मोठ्याने म्हणत लिहू लागले. "आमच्या संघाचे बॅक रेवणसिद्ध यांचे तीर्थरूप कैलासवासी..."

टाक थांबला.

"नाव काय हो?"

"आप्पा," कोंडीबा म्हणाले.

"ते झालं. नाव?"

"भोंग्याचे आप्पा म्हनत्यात सगळी."

तिप्पण्णांनी डोके खाजवले. तीस वर्षे ते त्या भोंग्यावर कामाला जात होते. "काहीतरी मल्ल होतं सुरुवातीला. का शेवटी होतं?"

रेवणसिद्ध डोळे मिटून होता. दोन पावलांवर हेमावती उभी होती. कुणी मान वळवून विचारील म्हणून ती थांबली. भीमाशंकरपंतांनी टाकाचे टोक झटकले आणि लिहिले : 'बॅकचे कैलासवासी वडील. त्यांच्या आत्म्यास शांती लाभो. पुढील विषय : डावा पाय.'

डाव्या पायाचा निर्णय दुपारपर्यंत झाला नाही. भूक लागल्यावर मंडळी समाधानाने उठली, आणि एवढे अवघड काम निभावल्याच्या आनंदात इतके दिवस पाळलेला नियम त्यांच्याकडून सुटला.

"बरं का अक्का, येतो आमी!" कोंडीबा पायरीवरून म्हणाले.

हेमावतीने आपल्या बाजूचा नियम पाळला. ती 'या' म्हणाली नाही.

रेवणसिद्ध अजून खेळतो. त्याचा डावा पाय खरोखर कच्चा आहे का, आणि भोंगा होवो न होवो, त्याने चेंडूवरची नजर काढायला हवी होती का, याबद्दल इथवर वाचणाऱ्यांचेही काही मत झालेच असेल. ते मंडळाकडे कळवावे; चिटणीस नोंद करून घेतात. आणखी काही विचारायचे राहून गेले आहे असे वाटत असेल, तर हेमावती अजून दारातच उभी आहे.