पाय टेकला का?

आधी केरबा मिस्तरींचं नाव घेतो, मग काय घडलं ते सांगतो. आमच्याकडे कोकणात गाऱ्हाणं घालतानासुद्धा देवाचं नाव आधी आणि मागणं नंतर असतं. परभणीकडच्या बोरीत मी टिकलो तो या माणसामुळे. नाहीतर सातवीतून शाळा सोडलेल्या आणि घरापासून इतक्या लांब येऊन पडलेल्या माणसाला कोण विचारतो?

मिस्तरींची विचारण्याची रीत मात्र वेगळी. सायकलवरून कोणी आला की लोक रामराम घालतात, पाणी देतात. मिस्तरी विचारत, "पाय टेकला का?"

म्हणजे वाटेत सायकलवरून पाय खाली टेकवावा लागला का. हा प्रश्न ते तलाठ्याला विचारत, कंपाउंडरला विचारत, लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्याला विचारत. एकदा एकजण लांबच्या नात्यातल्या म्हातारीच्या मयताची खबर घेऊन आला. मिस्तरींनी डोक्यावरची टोपी काढली. "लय वाईट झालं," म्हणाले. मग जरा थांबून, "येताना पाय कुठं टेकला?"

यातली गंमत कळायला इथली माती माहीत पाहिजे. मी तांबड्या मातीतला. आमची माती पावसात वाहून जाते. इथली काळी माती पाऊस पडला की जे सापडेल ते धरून ठेवते. सायकल थोडी पुढे गेली की मडगार्डमध्ये राड, म्हणजे चिखल, भरते आणि चाक फिरायचं थांबतं. मग माणूस सायकल खांद्यावर घेतो. श्रावणात बोरीच्या आसपास निम्म्या सायकली माणसांच्या खांद्यावर बसूनच फिरायच्या.

मी बोरीच्या एका बेकरीत लागलो होतो. कॅरिअरवर पत्र्याची पेटी बांधून खेड्यांत पाव, खारी, टोस्ट विकायचं काम. मालक वाईट नव्हता, पण पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "माल वापस आनलास तर तू बी वापस जा." त्या बोलण्याने माझी झोप गेली होती. आणि पहिल्याच मोठ्या पावसात मी ओढ्याच्या अलीकडे, गुडघ्याएवढ्या राडीत, पेटीसकट रुतलो. पेटीतली खारी मऊ पडत होती आणि मी सायकलला धरून नुसता उभा होतो.

तेवढ्यात खांद्यावर सुताराचं लाकूड तासायचं वाकस टाकून एक उंच, वाळका माणूस धुऱ्यावरून आला. धुरा म्हणजे इकडचा शेताचा बांध.

"पाय टेकला का?"

"पाय कसला, मी अख्खा टेकलोय," मी म्हणालो. रडकुंडीला आलेल्या माणसाच्या तोंडून कधीकधी असं निघून जातं.

ते हसले नाहीत. म्हणाले, "पैल्यांदा कुठं टेकला ते दाव." भर पावसात मला मागे चालवत नेलं, मी दाखवली त्या जागी बाभळीची खुंटी ठोकली आणि मग माझी पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. ओढ्याअलीकडच्या आपल्या गावात दारोदार जाऊन सांगितलं, "घ्या वं बायाहो, परमुलखातलं लेकरू हाय. माल मऊ पडायच्या आत घ्या." पेटी रिकामी झाली. रात्रीची भाकरी त्यांच्या घरी झाली आणि त्यांच्या ओसरीवर मी जो राहिलो तो राहिलोच. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांनी मला कोकण्या म्हटलं, ते पुरलं.

तर मिस्तरी अशा खुंट्या ठोकत आणि जिथे खुंटी तिथे लाकडी वाट बांधत. टायरच्या बैलगाड्या आल्या तशा जुन्या लाकडी गाड्या लोकांच्या गोठ्यामागे सडत पडल्या होत्या. त्या मागून आणायच्या, फळ्या सोडवायच्या, बाभळीचे खांब राडीत खोल गाडायचे आणि त्यावर फळ्या ठोकायच्या. जमिनीपासून हातभर उंच, एक सायकल जाईल एवढी वाट. लांबून पाहिलं की हिरव्या ज्वारीतून लाकडाची गोम चालल्यासारखी दिसे. लोक तिला मिस्तरीची आगगाडी म्हणत.

गोदाकाकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणत, "घरात बसायला पाट न्हाई, अन् ह्यो माणूस रानाला पाट मांडायलाय."

या सगळ्या खटाटोपाचं कारण गावाला ठाऊक होतं. मिस्तरींची एकुलती लेक सुली ओढ्यापल्याडच्या गावात दिलेली. उन्हाळ्यात अर्ध्या घटकेची वाट. पण लेकी माहेरी येतात त्या पंचमीला, आणि पंचमी येते श्रावणात. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मिस्तरी मुराळी होऊन, म्हणजे लेकीला आणायला, राड तुडवत गेले आणि एकटेच परत आले. जावई मारोती दारात म्हणाला होता, "मामा, पाय न टेकता सायकल जात असंल तर मी सोता आनून घालतो. त्याबिगर न्हाई."

गोदाकाकूंचं म्हणणं असं, "जावायानं रीतीत न्हाई म्हनलं. ह्यांला वाटलं माप दिलं."

तेव्हापासून दर पंचमीला काकू मेंदी वाटत आणि ती वाटीतच वाळे. मिस्तरी दारच्या कडुलिंबाला झोका बांधत. दुसऱ्यांच्या लेकी म्हणत, "काका, बसू का?" ते म्हणत, "बसा की." पण त्या उतरून गेल्या की दोर हातात धरून झोका थांबवत. रिकामा झोका हललेला त्यांना खपत नसे.

वाट बांधण्यात अडचणी फार. मधे गणपतराव पाटलांचं शेत. ते म्हणाले, "मिस्तरी, वाट न्या. पन माझ्या धुऱ्यावर मेख ठोकायची न्हाई. आज मेख, उद्या हद्द." इकडे धुरा म्हणजे भावाभावांची डोकी फोडणारी गोष्ट. मिस्तरी तीन दिवस त्या धुऱ्याकडे बघत बसले. मग त्यांनी धुऱ्याच्या अलीकडे एक जाड दणकट खांब रोवला, त्यावर आडवा आस टाकला आणि आसावर एक लांबलचक फळी तराजूसारखी ठेवली. सायकल या टोकाने चढायची, मधोमध आली की फळी कलायची आणि ते टोक धुऱ्यापल्याड टेकायचं. धुऱ्याला कुठे शिवायचं काम नाही. पाटील दोनदा येऊन वाकून बघून गेले. तिसऱ्यांदा आले ते नातवाची सायकल घेऊन.

चाचणी घेणारा अर्थात मी. मिस्तरींना स्वतःला सायकल येत नव्हती. बसतही नसत. "मला भ्या वाटतंय," सरळ सांगत. आणि माझ्या मागे कॅरिअरवर पेटी पुरेशी नाही म्हणून ते ज्वारीचं पोतं बांधत. "मागं वजन पायजे," एवढंच. मी त्या डुलत्या फळीवर मधोमध पोचलो की ती क्षणभर ठरवत असे, इकडे पडावं की तिकडे. तेवढ्या वेळात मला आई, देव आणि मालक, सगळे आठवत.

दुसरी विचित्र गोष्ट, चाचणी नेहमी पल्याडून अल्याड. मी म्हणायचो, "मिस्तरी, जातानाही बघू या की."

"जायाची फिकर न्हाई. येतानाचं सांग."

ओढ्यावर त्यांनी उंटाच्या पाठीसारखा मधे उंच लाकडी पूल केला, पाणी चढलं तरी बुडू नये म्हणून. पण कठडा घातला तो एकाच बाजूला, येताना उजवीकडे पडेल असा, आणि तोही बुटका. मला धरायला काही उपयोगाचा नाही. डावी बाजू उघडी. तिथून मी एकदा सायकल, पोतं आणि पेटीसकट ओढ्यात गेलो. खारी पाण्यावर तरंगत चालली आणि मासे लग्नाच्या पंगतीला आल्यासारखे जमले. मी वर आलो तो चिडूनच.

"डावीकडे कठडा का नाही?"

"नगं. पाय लागतेल."

"कुणाचे? माझे पाय तर पायडलवर असतात."

मिस्तरी माझी पेटी उलटी करून पाणी ओतू लागले. त्या दिवशीचा माल आपणच विकत घेतला असं त्यांनी मालकाला सांगितलं आणि उरलेली ओली खारी आम्ही तिघांनी रात्री दुधात बुडवून खाल्ली.

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. परभणीला बंद झाला की एसटी बंद, एसटी बंद की मैदा बंद. गावागावांत माणसं एकमेकांकडे न बघता चालत. वाट एका टोकाला बौद्धवाड्यामागून निघे आणि पुढे पाटलांच्या शेतातून जाई. मिस्तरी फळ्या मागायला दोन्हीकडे जात. पारावर कोणीतरी खोचून विचारलं, "मिस्तरी, तुमी कुन्या बाजूचे?" मिस्तरी म्हणाले, "ज्याच्या गोठ्यामागं मोडकी गाडी हाय, त्याच्या." आणि तिथल्या तिथे त्यालाच विचारलं, "तुमच्याकडं हाय का?" त्याच्याकडे होती. घेऊन आले.

पुढच्या श्रावणात शेवटची फळी ठोकून झाली. पंचमीच्या आदल्या दिवशी मिस्तरींनी मला बोलावलं. काकूंनी माझ्या पिशवीत लाह्यांची पुरचुंडी घातली.

"मुराळी भावानं व्हायचं असतंय," मिस्तरी म्हणाले. "सुलीला भाऊ न्हाई. तू जा."

मी पिशवी खांद्याला लावली. माझी स्वतःची बहीण दर सणाला माझी वाट बघत असेल, हे तेव्हाच मनात येऊन बसलं.

पल्याडच्या गावात मारोतीचं घर सापडलं. उंबऱ्यात एक सडपातळ बाई सुपात ज्वारी निवडत बसली होती. "कोन?" म्हणाली.

"मुराळी."

तिने वर बघितलं. "अन् मला भाऊ कवा झाला?"

मी लाह्या पुढे केल्या. काकूंच्या हातची गाठ तिने ओळखली असावी. ती कुबडीला धरून उठली. तिचा एक पाय गुडघ्यात वळत नव्हता. लहानपणापासूनचा, बारका, काठीसारखा सरळ.

मी नुसता बघत राहिलो. गावात कोणी मला सांगितलं नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कोण कुणाला सांगतं? बाई कॅरिअरवर एका अंगाने बसते, पाय डावीकडे सोडून. हिचा पाय दुमडत नाही, तो बाहेरच राहणार. म्हणून डावी बाजू उघडी. उजवीकडचा बुटका कठडा हिच्या पाठीला. आणि ज्वारीचं पोतं म्हणजे ही.

मारोती आतून आला. मी निरोप सांगितला. तो म्हणाला, "मामांनी खरंच बांधली व्हय? मागं एकदा मी हिला घेऊन निघालो अन् राडीत दोघं पडलो. दोन महिने हिला उठता आलं न्हाई. म्हनून तसं बोललो, बाकी काय न्हाई."

म्हणजे जावयाने खरोखर मापच दिलं होतं.

मारोतीची सायकल पुढे, माझी मागे. डुलत्या फळीवर सुलीने डोळे मिटले. फळी कलली, धुऱ्यापल्याड टेकली आणि ती हसायलाच लागली. पुलावर ती कठड्याला पाठ लावून, पाय ओढ्यावर मोकळा सोडून बसली होती, पारावर बसावं तशी. मारोती घामाघूम, पण थांबला नाही.

मिस्तरी दारात उभे होते. झोका बांधलेला होता. सायकल अंगणात येऊन थांबली, मारोतीने पाय टेकवून ती धरली. सुली मागे तशीच बसून राहिली.

मिस्तरी पुढे आले. "पाय टेकला का, माय?"

"न्हाई, आबा," ती म्हणाली. "आता टेकते."

आणि बापाच्या खांद्याला धरून तिने अंगणात पाय ठेवला. काकू आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्या दिवशी मिस्तरींनी झोका एकदाही थांबवला नाही.

खरी गंमत नंतर. पंचमी झाली, जावई न्यायला आला आणि तेव्हा कळलं की परत जायची सोयच नाही. उलट दिशेने जाताना कठडा डावीकडे येत होता. सुलीचा पाय त्याला अडकणार. इतकं बारीक माप घेणाऱ्या माणसाने वाट फक्त येण्याची बांधली होती. जाण्याचा विचारच त्यांच्या डोक्यात आला नव्हता.

"बदलतो," मिस्तरी म्हणाले. "काय मोठं काम न्हाई."

आणि मग जो माणूस एका दिवसात सारा पूल उभा करायचा, तो एका कठड्यासाठी रोज सकाळी वाकस घेऊन जाई आणि संध्याकाळी परत येऊन म्हणे, "लाकूड जरा ओलं हाय." मी एकदा पुलावरून जाताना पाहिलं. मिस्तरी पाय सोडून बसले होते आणि एकच फळी पुनःपुन्हा रंधत होते. पायाखाली भुशाचा ढीग. मारोती दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आलाच नाही. काकू म्हणाल्या, "पोळ्यापस्तोर लाकूड वाळत न्हाई बग ह्यांचं." पोळा झाला, बैल न्हाले, नटले, आणि दुसऱ्या दिवशी कठडा झाला.

सुली गेली त्या संध्याकाळी मिस्तरी ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसले.

"कोकण्या, तुझ्या घरापस्तोर सायकल जाती का रं?"

"नाही, मिस्तरी. खाली रस्ता, वर घर. मधे दगडी पायऱ्या."

"किती उंच?"

मी अंधारात हाताने दाखवलं. त्यांनी मान हलवली, बोटांवर काहीतरी मोजलं. "माय वर असती का?"

"वरच. गुडघे धरलेत तिचे. खाली उतरत नाही आता."

"मंग तुला जायला कामून भ्या वाटतंय?"

हात रिकामे घेऊन घरी कसं जायचं, ही माझी रात्रंदिवसाची भीती. ती त्यांनी न सांगता ओळखली होती.

अजून मी गेलेलो नाही. पण जाणार आहे, आणि एकटा जाणार नाही. केरबा मिस्तरींना बरोबर नेणार. त्यांना सायकलचं भय वाटतं, तरी एसटीतून उतरलो की कोणाची तरी सायकल मागून त्यांना मागे बसवीन आणि हळू चालवीन. पायऱ्यांवर सायकल चढणार नाही. तिथे त्यांना पाठीवर घेईन. आई दार उघडेल, तिच्या उंबऱ्यात त्यांना उतरवीन, आणि तोपर्यंत त्यांचा पाय कुठेही टेकू देणार नाही.