साडूची झोप

साथीच्या काळात माणसाचे मनःस्वास्थ्य त्याच्या पक्षावर अवलंबून असते, असे एका पाहणीत सिद्ध झाले होते. सत्ताधाऱ्यांचे समर्थक निर्धास्त, विरोधक चिंताग्रस्त. पाहणी कुणी केली, किती जणांची केली, हे बातमीत नव्हते. पण ती खरी असल्याचे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला रोज दुपारी भिंतीपलीकडून ऐकू येत असे.

भिंतीपलीकडे त्याचा साडू घोरत असे.

मेकॅनिक जन्माचा विरोधक. साथ आल्यापासून त्याची झोप उडाली होती, छातीत धडधडायचं, आणि फोनवरच्या डॉक्टरांनी ‘मन रमवा’ एवढंच औषध दिलं होतं. मन रमवायला तो सकाळपासून बातम्या लावून बसायचा. साडू मात्र सरकारचा कट्टर माणूस.

"भावजींचे गाल बघितलेत? कसे वर आलेत," बायको म्हणाली. "नाहीतर तुम्ही. नुसतं चिपाड झालंय."

"त्यांना कसली काळजी? त्यांचं सरकार आहे."

"मग आजारही त्यांचाच म्हणायचा."

ही तुलना लग्नापासूनची होती. सासुरवाडीत पहिला मान साडूचा, हवेशीर बाजूचं घर साडूचं, आणि आता झोपही साडूचीच. मेकॅनिकच्या पोटात दुखू लागलं. आजवर त्याला सूड असा एकच घेता आला होता. साथीच्या सुरुवातीला साडूचा टीव्ही दुरुस्तीला आला, तो त्याने "बाजार बंद, पार्ट मिळत नाही" म्हणून चादर घालून कोपऱ्यात ठेवून दिला. पार्ट खणात होता. घरात कोंडलेल्या विरोधी पक्षाला याहून जास्त काही करता येत नव्हतं.

शेवटी एका दुपारी घोरण्याने वरची पट्टी गाठली आणि मेकॅनिकने तत्त्वांवर पाणी सोडलं. मिस्ड कॉल देऊन तो सत्ताधारी पक्षाचा सदस्य झाला आणि डोळे मिटून पडला. झोप आली नाही. आले ते पक्षाचे निरोप. ‘सर्व काही नियंत्रणात आहे’ असं दर निरोपात असायचं, आणि ते वाचून सवयीने त्याच्या छातीत धस्स व्हायचं. इतके दिवस फक्त साथीची भीती होती. आता जुन्या पक्षातल्या मित्रांना कळेल, ही भीती वर जमा झाली.

नाइलाजाने तो गॅलरीत गेला. शेजारच्या गॅलरीत साडू कुंड्यांना पाणी घालत होता.

"साडूभाऊ, मी तुमच्यात आलो."

"आमच्यात म्हणजे? जेवायला?"

"पक्षात. पण झोप काही येत नाही. तुम्ही नेमकं करता काय?"

"जेवतो आणि पडतो."

"आणि ते आकडे बघून काही वाटत नाही?"

"कसले आकडे?" साडूने तांब्या खाली ठेवला. "अहो, मोबाइल दिवसभर पोरीच्या शाळेला. पेपर बंद. टीव्ही तुमच्याकडे पडलाय. आधी मीही टक्क जागाच असायचो. विचारा तुमच्या मेहुणीला. सरकार आपलं असलं म्हणून छाती धडधडायची थांबते का? टीव्ही गेला आणि जीव शांत झाला बघा. तुमचे उपकारच आहेत. त्या पार्टची अजिबात घाई करू नका."

मेकॅनिक आत आला आणि त्याने खण उघडला.

संध्याकाळी टीव्ही साडूच्या भिंतीवर होता.

"पैसे किती झाले?" साडूने पडेल आवाजात विचारलं.

"पैसे कसले? आता एका पक्षाचे आपण."

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून घोरणं आलं नाही. बातम्या आल्या. मेकॅनिक मोठ्या समाधानाने आडवा झाला, आणि जागाच राहिला.

"अहो," बायको म्हणाली, "टीव्हीला बंद करायचं बटण असतं ना?"

"असतं," मेकॅनिक म्हणाला, आणि त्याने आपल्या टीव्हीचा आवाज वाढवला. साडूच्या टीव्हीमुळे ऐकू येत नव्हतं.