वजा खोली

आमच्या गल्लीतले आप्पालालचाचा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नसत, आढ्याकडे बघत. मग भिंतींकडे. मग ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचं आणि चहा यायच्या आत जाहीर करायचं, "साडेनऊ टन. ग्रॉस." घर कुणाचं, प्रसंग कसला, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. सुतारांची म्हातारी गेली तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले. चाचा आढ्याकडे बघत म्हणाले, "आता नेट वाढलं ह्या घराचं. माणूस गेलं की नेट वाढतंय." सुतारांना वाटलं, म्हातारी फार खायची असं हा म्हणतोय. पुढे कितीतरी दिवस त्यांनी चाचांशी बोलणं टाकलं होतं.

मी साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर होतो. हंगाम सुरू झाला की काय होतं ते काट्यावरच्या माणसालाच ठाऊक. गाड्यांची रांग, बैलांचा फेस, आणि प्रत्येक गाडीवानाचं तेच, "काटा मारताय व्हय ओ पावणं?" टन हा शब्द ऐकला की माझं डोकं उठायचं. रातपाळी करून पाय ओढत घरी यावं, तर कट्ट्यावर चाचा बसलेलेच.

"काय आनंदराव, किती टन झालं?"

"झालं की. झोपू द्या आता."

"तुमचा टन खोटा. टन म्हंजे वजन न्हवं. टन म्हंजे जागा. शंभर घनफूट पोकळी म्हंजे एक टन."

"पोकळीचा कसला टन, चाचा?"

"बोटवाला काय इकतोय मग? पोकळीच इकतोय की!"

मी व्हय म्हणून आत जायचो.

चाचा पोरवयात मुंबईला गेले आणि बंदरावर सरकारी कचेरीत चिकटले. नव्या व्यापारी बोटीची नोंद व्हायच्या आधी ती आतून मोजावी लागते. मोजणी करणारा साहेब फितीचं एक टोक धरी आणि चाचा दुसरं. उभी हयात ते बोटींच्या पोटात फिरले. मापं झाली की बोटीचा नंबर आणि तिचे टन मुख्य तुळईवर कोरत. कोरल्याशिवाय नोंद नाही. नोकरी संपल्यावर हा माणूस परत आला तो कोल्हापुरात, जिथे समुद्र म्हणजे रंकाळा आणि बोट म्हणजे एस.टी. आल्याआल्या त्यांनी स्वतःचं घर मोजलं, पटाशी आणली आणि तुळईवर घरनंबर आणि टन कोरून टाकले. गल्लीत काही दिवस लोक ते बघायला येत. नंतर कंटाळले.

ग्रॉस म्हणजे सगळी पोकळी. त्यातून काही जागा वजा करायच्या. उरलं ते नेट, ज्याच्यावर बोटवाल्यानं कर भरायचा. इंजिनखोली वजा, म्हणून चाचांचं स्वैपाकघर वजा. चूल म्हणजे इंजिन. आतल्या खोलीच्या चौकटीवरही त्यांनी कोरलं होतं, "वजा. एक खलाशी."

ही खोली सलीमची. सलीम त्यांचा एकुलता एक. आई लहानपणीच गेलेली. चाचांनीच खटपट करून त्याला मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून लावून दिलं. पहिल्यापहिल्यांदा पत्रं यायची, वर रंगीत तिकिटं असायची, ती आमचा बाळू मागून घ्यायचा. मग पत्रं थांबली. कुणीतरी सांगितलं, कुठल्याशा बंदरात बोट सोडून गेला. सलीमचं नाव काढलं की चाचा एवढंच म्हणत, "त्यो वजा हाय," आणि आढ्याकडे बघायला लागत. बापानं पोरगं हिशेबातून काढलं, असं गल्ली म्हणे. मलाही तसंच वाटायचं, आणि त्याचा थोडा रागही यायचा.

चाचांचा दोन वेळचा डबा पुतण्याकडून, हनीफकडून येई. हनीफचा गुळाचा धंदा. एका हंगामात त्याच्या गोदामाची भिंत खचली आणि गूळ ठेवायला जागा उरली नाही. त्यानं सलीमची खोली मागितली. चाचा म्हणाले, न्हाय. हनीफनं पुन्हा मागितली. पुन्हा न्हाय. मग डबा उशिरा यायला लागला. मग त्यातला रस्सा पातळ झाला. हनीफ वाईट नव्हता, पण त्याच्या घरातही माणसं होती आणि त्यांना तोंडं होती. शेवटी तो माझ्याकडे आला.

"आनंदराव, तुमी टनातलं माणूस. तुमचं ऐकत्यात चाचा. खोली रिकामीच हाय की ओ. माजा गूळ उघड्यावर पाझराय लागलाय."

सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून मी गेलो.

"चाचा, त्यांच्या घरचं खाताय. खोली पडून हाय. देऊन टाका की."

चाचा उठले आणि मला त्या खोलीत घेऊन गेले. इतक्या वर्षांत मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. खाट होती. तिच्यावर धुतलेली चादर. कोपऱ्यात पाण्याचा माठ, त्यावर पालथा पेला. बाकी काही नाही. चाचांची स्वतःची पत्र्याची पेटी बाहेरच्या खोलीत त्यांच्या पायथ्याशी असायची आणि रात्री उठताना ते तिला रोज ठेचकाळायचे. ती सुद्धा इथे ठेवलेली नव्हती.

"वजा म्हंजे काय, आनंदराव?"

"काढून टाकलेलं."

"न्हवं ओ." चाचा उंबऱ्यावरच बसले. "बोटीत माणूस ऱ्हातोय, ती जागा वजा. सरकार म्हणतंय, ही मालाची न्हवं, माणसाची, हिच्यावर कर घ्यायचा न्हाय. दारावर कोरून ठेवायचं, इतक्या खलाश्यांची म्हणून. पर आत एक पोतं जरी ठेवलं, की वजा रद्द. मग ती बी मालात." मग म्हणाले, "सलीम आला, अन् आत गूळ असला, तर काय सांगू त्येला? तुजी जागा मालात धरली म्हणून?"

मी हनीफला जाऊन सांगितलं, माझ्यानं जमायचं नाही.

दोन दिवसांनी सकाळी हनीफचा टेम्पो दारात उभा राहिला. आता भांडण होणार म्हणून गल्ली जमली. पण चाचा स्वतःची खाट ओढत बाहेर कट्ट्यावर घेऊन आले होते.

"भायेरची खोली घे, बेटा. सगळी घे."

"अन् तुमी कुठं झोपणार? थंडी बघा की."

"हितं. उघड्या बाजूची जागा मोजणीत धरत न्हाईत. आता मी बिनटनाचा." आणि स्वतःच हसले. बाकी कुणी हसलं नाही.

गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, एकावर एक चढत तुळईपर्यंत गेले. कोरलेले आकडे झाकले. मधून एक माणूस बॅग घेऊन आत जाईल एवढी वाट तेवढी चाचांनी ठेवायला लावली. हनीफ खाली मान घालून काम करत होता. शेवटी पाच-सहा रवे उरले. हमालानं सवयीनं एक खांद्यावर घेतला आणि आतल्या खोलीकडे वळला. चाचा ओरडले नाहीत. नुसते खाटेवरून उठून आत गेले आणि त्यांचा हात सलीमच्या चौकटीवर गेला.

मी रातपाळी करून आलेलो. पण पुढे झालो. "आण हिकडं. आमच्यात ठेव."

उरलेले सगळे रवे आमच्या माजघरात आले. बायकोनं माझा उद्धार केला, आणि मुंग्यांनी वेळ लावला नाही.

संध्याकाळी चाचा आले. आढ्याकडे बघितलं, रव्यांकडे बघितलं, पुटपुटले. मी आकड्याची वाट बघत होतो. पण त्यांचा चेहरा पडला होता.

"आनंदराव, माज्यापायी तुमची वजा गेली की ओ. माल शिरला घरात."

"जाऊ द्या, चाचा," मी म्हणालो. "आमी समदी घरातच हाय की."

बोलून गेलो आणि जीभ चावली. बायकोनं माझ्याकडे डोळे वटारले. चाचा मात्र आमच्या चिमणीच्या उजेडात बसलेल्या पोरांकडे, ताट घेणाऱ्या बायकोकडे, एकेकाकडे बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "माणसं घरात असली म्हंजे कोराय लागत न्हाय."

मग ते त्यांच्या कट्ट्यावर गेले, आणि अंगावर घोंगडं ओढून, रव्यांमधल्या वाटेतून दिसणाऱ्या सलीमच्या दाराकडे तोंड करून आडवे झाले.