गणबाजींची शीर

आमच्या इतवारीतले गणबाजी सोनार दगड चाटत. लपूनछपून नव्हे, भर रस्त्यात. आमच्या ओट्याला नवी फरशी बसवली, ती बघायला आले ते थेट गुडघ्यांवर बसले आणि जीभ लावून मोकळे झाले.

“डोये फसवते गा मास्तर. जिभेले इचारा. दगड ओला झाला का पोटातले रंग दिसते त्याचे.”

दुकान पुतण्या चालवी. गणबाजींचा जीव अडकला होता उमरेडकडच्या एका टेकडीत. तिथं काळ्या खडकात पांढऱ्या गारगोटीची शीर होती. शिरेत शिशाची चमक, शिशात थोडी चांदी आणि कुठेकुठे मोहरीएवढं सोनं. त्यातला एक तुकडा कायम त्यांच्या कोटाच्या खिशात असे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो शेजाऱ्याच्या हातावर ठेवत.

“गणबाजी, आधी जिलबी तरी खाऊ द्या!” मी म्हणे. “टेकडीत खाण निघू द्या,” ते म्हणत, “मंग खा.”

आणि एकदा खरंच एक खाणवाला साहेब टेकडी पाहायला आला. गणबाजींच्या जन्माचं सार्थक त्या एका दुपारवर येऊन ठेपलं. दुभाष्या म्हणून मी बरोबर गेलो. साहेबानं दगड उचलला आणि चक्क चाटला! गणबाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही त्यांचा मुलगाच मॅट्रिक पास झाला होता.

शीर वर चढत एका मोहाच्या झाडापाशी मातीत शिरत होती. झाडाखाली दगडांची लहानशी रास होती. साहेब खूश होऊन म्हणाला, “इथंच खोल चर मारू. खाली शीर रुंद निघाली, तर खाण काढतो.”

मी ते मराठीत सांगितलं. गणबाजींचा चेहरा उतरला.

“साहेबाले सांगा, शीर येथंच संपते. म्या खोदून पाह्यलं.”

“अहो, पण तुम्हीच तर इतकी वर्षं...”

“सांगा न गा मास्तर.”

मी सांगितलं. साहेब घोड्यावर बसून निघून गेला. मी चिडून वळलो, तर गणबाजी त्या राशीपाशी बसलेले.

“येथंच माहा डेरा होता. बायको संग होती. पोरीले ताप आला. दात नोहते आले तिले, म्हून चितेवर जायता नाही आलं, पुरली. कोल्ह्यानं उकरू नये म्हून हे दगड.” मग हळूच म्हणाले, “शीर तिच्याच खालून जाते. मले माईत होतं गा. पन साहेब तेथंच चर मारन, हे डोक्यातच नोहतं आलं.”

मी त्यांच्या शेजारी बसलो. फार वाईट वाटलं.

गणबाजींनी खिशातला तो तुकडा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि न चाटता राशीवर ठेवून दिला.