भाऊंनी जिना पुसला, त्याची गोष्ट

"जिना पुसायला काय अक्कल लागते? जेवायच्या आत आरसा करून दाखवतो!"

रविवारी सकाळी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून भाऊंनी ही घोषणा केली, तेव्हा वहिनींनी कपाळाला हात लावला. भाऊ म्हणजे या तीन मजली इमारतीचे मालक. माणूस सोन्यासारखा, पण एकदा डोक्यात काही घेतलं की ब्रह्मदेवाचंही ऐकणार नाही! वहिनींनी उभा जन्म यांच्याबरोबर काढलेला. त्यांना पुढचं सगळं दिसायला लागलं.

जिना झाडणारी बाई काम सोडून गेल्यापासून इमारतीत एकच वाद रंगला होता. सामायिक जिना कुणी साफ करायचा? भाडेकरू म्हणत, मालकाने. मालक म्हणत, जो चालतो त्याने. तोवर दुसऱ्या मजल्यावरचे एसटीचे ड्रायव्हरसाहेब आपला कचरा पहिल्या मजल्यावर लोटत, आणि पहिल्यावरचे शिंपीदादा त्यात आपल्या चिंध्यांची भर घालून सगळा ऐवज तळमजल्यावर मालकांच्या दारात आणून सोडत. कचरा मालकांच्याच दारात आला म्हणजे वाद तिथेच मिटायला हवा होता. पण भाऊ ऐकतील तर ना!

मग तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर एका चिंधीवरून घसरल्या. कठडा हाताशी होता म्हणून वाचल्या.

"भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या, "माझं घर मी झाडते. जिना मालकाने बघायचा. रविवारी भाची मला तिच्या इमारतीतली एक खोली दाखवणार आहे. तिथे लिफ्ट आहे. पसंत पडली तर मी निघाले."

भाऊंच्या तोंडचं पाणीच पळालं. सिस्टर निवृत्त नर्स. इमारतीत कुणी नुसतं शिंकलं तरी त्या खाली उतरत. वहिनींच्या मोठ्या दुखण्यात त्या रात्रंदिवस उशाशी बसल्या होत्या. सख्खी बहीण इतकं करत नाही. त्या गेल्या तर या घराला थोरलं माणूसच उरणार नव्हतं.

तर असे भाऊ बादली घेऊन निघाले आणि थेट सगळ्यात खालच्या पायरीवर बसले.

"अहो, वरून सुरू करा," वहिनी म्हणाल्या.

"माणूस जिना कुठून चढतो? खालून! मग पुसायचा कुठून?"

"अहो, पण पाणी..."

"अगं, इमारत कुणाची आहे?"

पालथ्या घड्यावर पाणी! वहिनी दारातून बघत राहिल्या. भाऊ मात्र एकेक पायरी अशी घासत होते की वहिनींना नाही म्हटलं तरी कौतुक वाटलं. कोपऱ्यातलं जाळं नखाने काढलं, कठड्याचे गज एकेक करून पुसले. अखेर सिस्टरांच्या दाराशी पोचून त्यांनी विजयी मुद्रेने खाली पाहिलं. वरची सगळी घाण पुसलेल्या पायऱ्यांवरून ओघळत तळमजल्याला जाऊन पोचली होती!

"कोण गेलं इथून?" भाऊ गरजले.

"कुणी नाही!" शिंपीदादा दारातून म्हणाले. "तुमचंच पाणी गेलं, भाऊ!"

भाऊ खाली आले. आणि पुन्हा खालूनच सुरू केलं! या वेळी साबण दुप्पट. दुसरा मजला ओलांडेपर्यंत जिन्यात नुसता फेस! तेवढ्यात ड्यूटीला निघालेले ड्रायव्हरसाहेब दाराबाहेर आले.

"थांबा! पाय ठेवू नका!" भाऊ ओरडले.

पण पाय ठेवून झाला होता! ड्रायव्हरसाहेब खाली बसले ते बसल्या बसल्याच निघाले. पहिल्या मजल्यावर शिंपीदादांनी धरायला हात पुढे केला, तर तेही सोबत आले! दोघे मालकांच्या दारात येऊन थांबले. ड्रायव्हरसाहेबांची टोपी डोक्यावर जशीच्या तशी!

"लागलं का हो?" वहिनी धावल्या.

"छे! पण जिना काय गुळगुळीत झालाय, वहिनी!" ड्रायव्हरसाहेब मनापासून म्हणाले. "मधे एकही थांबा लागला नाही!"

गोंधळ ऐकून सिस्टर दारात आल्या. खांद्याला पिशवी, पायात चपला. भाचीकडे निघाल्या होत्या.

"सिस्टर, एकही पायरी उतरू नका!" भाऊंचा आवाज चिरकला.

"वा!" सिस्टर म्हणाल्या. "घाण होता तेव्हा उतरवत नव्हतं. आता स्वच्छ झाला, तर उतरू देत नाही!"

भाऊ मटकन बसले. मग उठले, निमूटपणे वर चढले, आणि कोरडं फडकं घेऊन सिस्टरांच्या पायाशी, सगळ्यात वरच्या पायरीवर टेकले. वरच्या! वहिनींनी स्वतःला चिमटा काढून पाहिला. भाऊंनी पायरी पुसली, हाताने चाचपली आणि म्हणाले, "या." सिस्टर एक पायरी उतरल्या. भाऊ उलटे सरकत खालच्या पायरीवर गेले, पुसली, चाचपली. "या."

शिंपीदादा कठडा धरून वर जाऊन सुती कापडाचे तुकडे घेऊन आले. ड्रायव्हरसाहेब ड्यूटी विसरून ओली फडकी पिळू लागले. गुडघे सोललेले, पाठ मोडलेली, पण भाऊ काही थांबले नाहीत. खालून बघताना वहिनींचा ऊर भरून आला. हट्टी आहे, उलट्या खोपडीचा आहे, पण असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

तळाशी पोचल्यावर सिस्टरांनी पिशवी वहिनींच्या हातात दिली.

"भाचीला निरोप पाठवा. मी येत नाही म्हणावं."

"खरंच?" भाऊ गुडघ्यावरूनच म्हणाले.

"लिफ्टमध्ये काय, बटण दाबायचं नि उतरायचं. इतकं जपून मला आजवर कुणी खाली आणलं नव्हतं." सिस्टरांचे डोळे ओलावले. त्यांनी भाऊंच्या डोक्यावर हात ठेवला. "आता इथून हलायची नाही मी. सकाळी दुधाला आणि संध्याकाळी फिरायला, दोनदाच तर उतरायचं असतं. तुम्ही असेच वर येत जा."

"येईन की!" भाऊ छाती फुगवून म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दार लावल्यावर भाऊंच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला.

"अगं, त्या चेष्टा करत होत्या ना?"

"आज लवकर झोपा," वहिनी त्यांच्या गुडघ्यांना मलम लावत म्हणाल्या. "सिस्टर दुधाला फार पहाटे निघतात."